दुसरं कुलूप : बाजाराच्या गावातल्या एका गाळ्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

गाव पश्चिम महाराष्ट्रातलं, राज्य महामार्गाला लागून, आठवडी बाजाराचं. तिथे ग्रामपंचायत आहे, नगरपंचायत नाही. तालुक्याचं ठिकाण नऊ किलोमीटरवर, तिथे नगरपरिषद. ही माहिती सुरुवातीलाच देतो, कारण पुढचं निम्मं प्रकरण तिच्यावरच फिरलं. पक्षकार ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत. मी मालकीणबाईंच्या बाजूचा वकील होतो, तेव्हा माझं म्हणणं तेवढी वजावट करून वाचावं.

गावठाणातलं जुनं घर. रस्त्याच्या अंगाला शटरचा एक गाळा, आत लहान खोली, मागे मोकळी जागा. २००८ च्या पाडव्याला मालकीणबाईंच्या यजमानांनी हा गाळा मोटार रिवाइंडिंगच्या, म्हणजे पंपाच्या जळलेल्या मोटारी पुन्हा भरून देण्याच्या, दुकानाला दिला. शंभराच्या स्टँपवर अकरा महिन्यांचा करार, भाडं ७०० रुपये, अनामत २५,००० रुपये. करार झाला तो एकदाच. त्यानंतर भाडं दर दोन-तीन वर्षांनी तोंडी वाढत गेलं आणि २०२३ मध्ये ३,००० वर आलं. मध्ये २०१४ साली दुकानदाराने मागच्या जागेत स्वतःच्या पैशाने पत्र्याचं शेड घातलं. यजमानांना विचारलं होतं, लिहून मात्र घेतलं नव्हतं. विजेचं मीटर दुकानदाराच्या नावावर. २०१९ मध्ये यजमान वारले. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला, म्हणजे घराच्या करआकारणीच्या उताऱ्याला, नाव त्यांचंच राहिलं.

दुकानदार शेजारच्या तालुक्यातला. पण पंधरा वर्षांत आसपासच्या वाड्यावस्त्यांवर कुठेही मोटार जळली की ती त्याच्याच दारात यायची. मालकीणबाईंना तो काकी म्हणायचा. त्यांच्या घरच्या बोअरची मोटार त्याने दोनदा फुकट भरून दिली होती. भाडं एकाही महिन्याचं थकलेलं नव्हतं. अशा प्रकरणांत मालक आधी 'भाडं बुडवतो' असं सांगतात. इथे तसं म्हणायला जागाच नव्हती.

अडचण कशी उभी राहिली

ऑगस्ट २०२३ मध्ये मालकीणबाईंचा मुलगा चाकणची नोकरी सुटल्यामुळे बायकामुलांसह गावी परतला. त्याला गाळ्यात पशुखाद्याचं दुकान टाकायचं होतं. गणपतीत तो दुकानदाराला म्हणाला, "दादा, दिवाळीपर्यंत गाळा मोकळा करा." दुकानदार नाही म्हणाला नाही. "आता रब्बीचं पाणी सुरू होतंय, सीझन जाऊ दे, उन्हाळ्यानंतर बघू," एवढंच म्हणाला. दिवाळी झाली. मग कुणीतरी दुकानदाराच्या कानावर घातलं की भाडेकरूला भाडे नियंत्रण कायद्याचं संरक्षण आहे, आणि जुन्या भाडेकरूला फुकट काढता येत नाही. त्याने शेडचे आणि जागा सोडण्याचे मिळून दोन लाख मागितले.

मालकीणबाईंच्या घरी तोवर वेगळीच भीती घर करून होती. एक, दुकानदार 'कूळ' लागेल. दोन, बारा वर्षं उलटली म्हणजे जागा त्याची झाली. तीन, मीटर त्याच्या नावावर, म्हणजे पुरावाही त्याचाच. तिन्ही समजुती गावोगाव ऐकू येतात आणि तिन्ही चुकीच्या आहेत. कूळकायदा शेतजमिनीचा आहे. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाने कसणाऱ्याला जमीन मिळाली, त्याची धास्ती जुन्या जमीनवाल्या घरांत अजून टिकून आहे. शटरच्या गाळ्याला तो कायदा लागत नाही. बारा वर्षांचं म्हणाल, तर भाडेकरूचा ताबा मालकाच्या परवानगीचा असतो. कितीही वर्षं झाली तरी त्यातून मालकी निर्माण होत नाही. शिवाय ज्याच्याकडून जागा घेतली त्याची मालकी भाडेकरूला नाकारताही येत नाही. आणि २००३ च्या वीज कायद्यात जागेचा मालक किंवा भोगवटादार, कुणीही जोडणी मागू शकतो. मीटर नावावर असणं म्हणजे तिथे कोण वीज वापरतं याची नोंद.

पण भीतीला हे कुणी सांगितलं नाही. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात दुकानदार एका लग्नाला गेला असताना मुलाने शटरला दुसरं कुलूप घातलं.

आत शेतकऱ्यांच्या बावीस मोटारी होत्या. काही भरून तयार, काही उघडून ठेवलेल्या. गव्हाला, हरभऱ्याला पाणी द्यायचे दिवस. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानासमोर दुकानदारापेक्षा शेतकरीच जास्त जमले. दुकानदार पोलीस ठाण्यात गेला. तिथे अदखलपात्र नोंद झाली आणि बाब दिवाणी आहे, कोर्टात जा, असं सांगितलं गेलं. तो तहसीलमध्येही जाऊन आला. तहसीलदार ज्याखाली ताब्याचे वाद ऐकतात तो मामलेदार कोर्टाचा १९०६ चा कायदा शेतजमीन, शेतीचं पाणी, वहिवाटीचे रस्ते यांच्यापुरता. गाळ्याचा ताबा त्यात बसत नाही. चौथ्या दिवशी मालकीणबाई मुलाला घेऊन माझ्याकडे आल्या. त्यांचा प्रश्न साधा होता: "वकीलसाहेब, कुलूप लावलंय, आता पुढं काय करायचं?"

आधी कायदा कोणता

दोन्ही पक्ष एकाच गोष्टीवर ठाम होते की भाडे नियंत्रण कायदा लागू आहे. दुकानदाराला त्याचा आधार वाटत होता, मुलाला त्याची धास्ती. कुलूप लावण्याचं खरं कारणही तेच: कोर्टात गेलो तर आपण हरणार, मग आधीच ताबा घेऊन टाकू.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्याचं पहिलं कलम म्हणतं की विस्तार संपूर्ण राज्यभर. बहुतेकांचं वाचन तिथेच थांबतं. दुसरं कलम मात्र सांगतं की राहणं, शिक्षण, धंदा, व्यापार किंवा साठवण यांसाठी भाड्याने दिलेल्या जागांना हा कायदा लागेल तो अनुसूची एक आणि दोनमध्ये दिलेल्या क्षेत्रांत. शिवाय जिथे जुने भाडे कायदे आधीपासून लागू होते तिथे, आणि सरकार अधिसूचना काढून जोडेल तिथे. म्हणजे नुसतं 'ग्रामपंचायत आहे, मग लागू नाही' असं म्हणून चालत नाही. काही गावं जुन्या मुंबई भाडे कायद्याच्या वेळीच अधिसूचनेने आत घेतलेली असू शकतात. आम्ही अनुसूची तपासल्या, जुन्या अधिसूचना पाहिल्या, ग्रामपंचायतीची हद्द नगरपरिषदेत गेली आहे का तेही विचारलं. गाव कशातच नव्हतं.

त्यामुळे प्रकरण १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याखाली आलं. फरक किती पडतो ते पाहा. हाच गाळा तालुक्याच्या गावात असता, तर भाडे नियंत्रण कायदा लागून मालकीणबाईंना त्याच्या कलम १६ मधलं एखादं कारण सिद्ध करावं लागलं असतं. इथे ते झालं असतं मुलाच्या धंद्यासाठी जागेची रास्त आणि प्रामाणिक गरज. ती सिद्ध झाली तरी ताबा न दिल्याने मालकाला जास्त त्रास की दिल्याने भाडेकरूला, हे कोर्टाने तोलून पाहिलं असतं. पंधरा वर्षं जमलेलं दुकान आणि नुकताच परतलेला मुलगा, असा तो तोल. निकाल कुठेही झुकला असता. वर करार नोंदवण्याची जबाबदारी त्या कायद्यात मालकाची आहे. कलम ५५ प्रमाणे नोंदणी नसेल तर, उलट सिद्ध होईपर्यंत, अटींबाबत भाडेकरू सांगेल ते धरलं जातं.

गावात यातलं काही नाही. अकरा महिन्यांचा करार संपला, मालकाने भाडं घेत राहिलं, म्हणून मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ११६ प्रमाणे महिनेवार भाडेपट्टा झाला. तो संपवायला कारण लागत नाही. कलम १०६ ची पंधरा दिवसांची नोटीस पुरते. भाडं वेळेवर भरलं, धंदा चांगला चालतो, शेतकऱ्यांची सोय आहे, यातलं एकही नोटिशीला उत्तर होत नाही. मला स्वतःला हा कायदा गावातल्या दुकानदाराशी कठोर वाटतो. नऊ किलोमीटरच्या अंतराने माणसाचा हक्क एवढा बदलावा याचं समर्थन करणं अवघड आहे. पण माझी पक्षकार दुसऱ्या बाजूला होती.

मुलाला हे सांगितल्यावर तो खूश झाला. "म्हणजे कुलूप बरोबरच लावलं!" तिथेच त्याला थांबवावं लागलं.

पर्याय

कुलूप तसंच ठेवायचं आणि दुकानदार थकून जाईल याची वाट पाहायची, ही मुलाची इच्छा होती. पण १९६३ च्या विशिष्ट अनुतोष कायद्याचं कलम ६ अशाच प्रसंगासाठी आहे. ज्याला संमतीशिवाय आणि कायद्याची वाट सोडून ताब्यातून काढलं, त्याने सहा महिन्यांच्या आत दावा लावला तर कोर्ट मालकी कुणाची हे पाहतच नाही. ताबा कुणाचा होता आणि कसा गेला, एवढंच बघतं. हुकूम झाला तर त्यावर अपील नाही. मालक असलात तरी स्थिर ताब्यातल्या माणसाला कायद्याच्या मार्गानेच काढता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ च्या कृष्णा राम महाले प्रकरणात स्पष्ट सांगितलेलं आहे. म्हणजे जे प्रकरण आम्ही पंधरा दिवसांच्या नोटिशीवर जिंकू शकत होतो, त्यात आम्ही आधी एक दावा हरून मग सुरुवात करणार होतो. शेतकऱ्यांच्या बावीस मोटारी अडकवल्याचा हिशेब वेगळाच. गावात हाणामारीपर्यंत गेलं असतं तर तहसीलदारांपुढे शांतताभंगाची, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४५ ची कारवाईही सुरू होऊ शकली असती (नव्या संहितेत तेच कलम १६४).

दुसरा पर्याय: कुलूप न काढता लगेच ताब्याचा दावा. तो कागदावरच उभा राहत नव्हता. ताबा आपल्याकडे ओढून घेतलाय आणि ताबा मागायला कोर्टात जायचं, हे कोणत्या तोंडाने?

तिसरा, दोन लाख देऊन मोकळं होणं. मालकीणबाईंची मनातून त्याला तयारी होती. भांडण त्यांना नको होतं. पैसे नव्हते.

उरला तो चौथा: कुलूप काढायचं, नीट नोटीस द्यायची, दाव्याचा मसुदा तयार ठेवायचा आणि तडजोडीला दार उघडं ठेवायचं. मुलाला यात पहिलंच पाऊल मागे वाटत होतं. तासभर चर्चा झाली. शेवटी मालकीणबाईंनीच विषय संपवला. "माणसांच्या मोटारी कोंडून मला धंदा नको," असं मुलाला सांगून त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली. कायद्याचा युक्तिवाद माझा असला, तरी निर्णय त्यांचा.

कुलूप कसं काढलं

घाईने जाऊन कुलूप उघडलं असतं तर 'माझं सामान गेलं' असा नवा वाद निघू शकला असता. म्हणून दुकानदाराला निरोप देऊन पोलीस पाटील आणि तंटामुक्ती समितीचे दोन सदस्य यांच्यासमोर शटर उघडलं. आतल्या मोटारी, तांब्याच्या तारेची बंडलं, वाइंडिंगचं मशीन, हत्यारं यांची यादी झाली. मोबाईलवर चित्रण झालं. दुकानदाराने 'सर्व सामान मिळालं, तक्रार नाही' असं लिहून दिलं. त्याने सही करायला वेळ घेतला, आपल्या वकिलाला फोन लावून विचारलं. मला ते बरंच वाटलं. वकिलाला विचारून केलेली सही पुढे मोडत नाही.

त्या कागदाचा दुसरा उपयोग नंतर कळला. कलम ६ च्या दाव्याची धमकी संपली, आणि समितीचे सदस्य तिथपासून या प्रकरणात गुंतले. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम २००७ ची. बऱ्याच गावांत तिच्या समित्या आता नावापुरत्या उरल्यात. या गावातली अजून बसत होती.

नोटीस, आणि नोटिशीनंतर आलेलं भाडं

नोटिशीत किती दिवस द्यायचे यावर थोडा विचार करावा लागला. कलम १०६ चे पंधरा दिवस, पण 'वेगळा करार नसेल तर'. २००८ च्या त्या जुन्या कागदावर जागा सोडवायची असेल तर एक महिना आधी कळवावं अशी ओळ होती. करार कधीच संपला होता. तरी जुन्या अटी पुढे चालू राहिल्या असा मुद्दा समोरून येऊ शकत होता. पंधरा दिवस वाचवून त्या वादावर वर्ष घालवण्यापेक्षा आम्ही तीस दिवस दिले. २००२ च्या अखेरीस झालेल्या दुरुस्तीमुळे मुदतीतली किरकोळ चूक आता नोटीस मारत नाही, दिवस मिळाल्या तारखेपासून मोजतात. पूर्वी ती महिन्याच्या अखेरीलाच संपावी लागे आणि त्या एका चुकीवर दावे पडत. दुरुस्ती आहे म्हणून ढिलेपणा करावा असं नाही.

नोटिशीत कारण लिहिलं नाही. मुलाचा आग्रह होता की पशुखाद्याच्या दुकानाचं लिहा, लोकांना पटेल. पण जे सिद्ध करावं लागत नाही ते लिहिलं की उद्या उलटतपासणीत त्यावरच तासभर जातो.

रजिस्टर पोस्टाची पोचपावती डिसेंबरच्या मध्यावर आली. जानेवारीच्या मध्याला मुदत संपली. जानेवारीच्या पाच तारखेला मुलाच्या खात्यावर मोबाईलवरून ३,००० आले. ते डिसेंबरचं भाडं, त्यात अडचण नव्हती. खरा प्रश्न फेब्रुवारीच्या पाच तारखेला आला. त्या ३,००० मधला अर्धा काळ मुदत संपल्यानंतरचा. कलम ११३ सांगतं की नोटीस संपल्यावर मालकाने नंतरचं भाडं भाडं म्हणूनच स्वीकारलं, तर त्याने नोटीस सोडून दिली असा अर्थ निघू शकतो. पूर्वी मालक मनीऑर्डर परत पाठवायचे, विषय संपायचा. आता पैसे विचारल्याशिवाय खात्यावर येऊन बसतात.

परत पाठवायचे की ठेवायचे? परत पाठवले तर दुकानदार 'भाडं देतोय, घेत नाहीत' म्हणून गावभर सांगणार, आणि बोलणी चालू होती तीही बिघडणार. आम्ही पैसे ठेवले आणि त्याच दिवशी दुकानदाराला मोबाईलवर आणि पोस्टाने लेखी कळवलं: भाडेपट्टा नोटिशीने संपला आहे, ही रक्कम भाडं म्हणून घेतलेली नाही, जागेच्या वापराची भरपाई म्हणून आणि आमचे हक्क राखून घेतली आहे. मार्चमध्येही हेच केलं. गावात नोटीस देऊन मग निवांत भाडं घेत राहणारे मालक मी पुष्कळ पाहिलेत. सहा महिन्यांनी दावा लावायला येतात तेव्हा पुन्हा नोटिशीपासून सुरुवात करावी लागते.

तडजोड

दावा मसुद्यातच होता. तालुक्याच्या कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायालयात तो लावला असता तर आमची बाजू भक्कम होती. पण हुकूमनामा, अपील, दरखास्त (म्हणजे हुकूमनामा अमलात आणण्याचा अर्ज), बेलिफ हा रस्ता वर्षांचा आहे. मुलाला दुकान या वर्षी हवं होतं. दुकानदाराच्या वकिलालाही, अनुसूची स्वतः पाहिल्यावर, भाडे कायद्याचा मुद्दा टिकत नाही हे कळलं होतं. त्यांच्याकडे उरला तो वेळ. आम्हाला नेमका तोच नको होता. बोलणी जमली ती या देवघेवीवर.

शेडवर सर्वात जास्त वेळ गेला. दुकानदार म्हणे, बांधलं मी, पैसे द्या. मुलगा म्हणे, जागा आमची, शेडही आमचं. कलम १०८ ची 'एच' ही तरतूद दोघांनाही अर्धं-अर्धं देते. भाडेकरूने जमिनीला जोडलेली वस्तू, भाडेपट्टा संपल्यावरही, जोवर तो ताब्यात आहे तोवर त्याला काढून नेता येते. फक्त जागा मिळाली होती तशी ठेवून जायची. म्हणजे अँगल आणि पत्रे तो नेऊ शकत होता, पण भरपाई मागू शकत नव्हता. आणि गाळ्यातून एकदा बाहेर पडला की नेण्याचा हक्कही संपला. यामुळे आकडा खाली आला. मुलाला पोती ठेवायला शेड हवंच होतं. नवं घालायचा खर्च जास्त होता. शेवटी शेडचे ४०,००० ठरले. जागा सोडण्याचे वेगळे काही नाहीत.

मग पैसे कधी द्यायचे. मुलगा म्हणे, किल्ली हातात आल्यावर एकदम सगळे. दुकानदाराची अडचण अशी की नवा गाळा घ्यायचा तर तिथे अनामत आधी मोजावी लागणार, आणि त्याची अनामत आमच्याकडे अडकलेली. पैसे हातात आल्यावर तो हललाच नाही तर, ही मुलाची भीती खोटी नव्हती. मी अनामत आधी द्यावी या मताचा होतो. ज्याला जायला जागा नाही तो हुकूमनामा असला तरी जात नाही. समितीच्या अध्यक्षांनीही तेच सांगितलं, जरा वेगळ्या शब्दांत. २५,००० सहीच्या वेळी, ४०,००० किल्लीच्या वेळी असं ठरलं.

हे समितीच्या वहीत लिहून ठेवणं पुरेसं नव्हतं. वहीतली तडजोड मोडली तर तिच्यावरून पुन्हा दावाच लावावा लागतो. म्हणून तालुका विधी सेवा समितीकडे दाखलपूर्व प्रकरण नोंदवलं आणि मार्चमधल्या राष्ट्रीय लोकअदालतीत ठेवलं. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम २१ प्रमाणे लोकअदालतीचा निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा असतो. त्यावर अपील नाही, आणि मोडला तर थेट दरखास्त लावता येते. दावा न लावताच हे मिळतं, याची गावात फार थोड्यांना कल्पना आहे. याच कायद्याखाली स्त्रियांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, हेही मालकीणबाईंना तिथे गेल्यावर कळलं. मी काही बोललो नाही.

अटी अशा होत्या: गाळा ३१ मे २०२४ पर्यंत मोकळा करायचा, म्हणजे उन्हाळ्याचा मोटारींचा सीझन दुकानदाराला मिळेल, तोवर दरमहा ३,००० वापराची भरपाई, मीटर बिल भरून बंद करायचं, तारखेनंतर राहिला तर दिवसाला ३०० रुपये, पोलीस ठाण्यातली नोंद आणि कुलूप याबद्दल एकमेकांवर काही नाही.

मध्येच घरचा वाद

लोकअदालतीच्या आठवडाभर आधी सगळं अडलं, आणि अडवलं दुकानदाराने नाही. मालकीणबाईंना दोन मुली. घर यजमानांनी स्वतः बांधलेलं, मृत्युपत्र नाही. हिंदू उत्तराधिकार कायद्याने आई, मुलगा आणि दोन मुली या चौघांचा सारखा हिस्सा. ताब्याचा दावा एक सहहिस्सेदार एकटाही लावू शकतो, इतरांची हरकत नसेल तर. पण कायमच्या तडजोडीवर चौघांच्या सह्या असाव्यात असं लोकअदालतीच्या पॅनेलला वाटलं, आणि ते योग्यच होतं. थोरल्या मुलीने विचारलं, "गाळा मोकळा करून भावाला द्यायचा, मग माझं नाव कुठे?" नमुना ८ वर चौघांची वारसनोंद होईपर्यंत ती सही करणार नव्हती. नमुना ८ ही करआकारणीची नोंद आहे, मालकीचा दाखला नव्हे, हे तिला सांगून उपयोग नव्हता. गावात लोक तोच कागद मानतात. ग्रामपंचायतीत अर्ज, वारसांची कागदपत्रं, मासिक सभा, अशा फेऱ्या झाल्या. भावाने बहिणीला दरमहा गाळ्याच्या वापरापोटी काही देण्याचं कबूल केलं. किती, ते त्यांनी मला सांगितलं नाही. भाडेकरूशी बोलणी करताना जेवढे आवाज चढले नव्हते तेवढे इथे चढले.

काय झालं

दुकानदाराने ३१ मे ला गाळा सोडला नाही. नव्या जागेचं वायरिंग राहिलंय म्हणाला. निवाड्याप्रमाणे दिवसाचे ३०० सुरू झाले, आणि मुलगा दुसऱ्याच दिवशी दरखास्त लावा म्हणून आला. मी थांबायला सांगितलं, कारण मशीन आधीच हललं होतं. उरली होती ती तार आणि भंगार. जूनच्या बारा तारखेला किल्ली मिळाली. बारा दिवसांचे ३,६०० होत होते. मालकीणबाईंनी ते न कापता पूर्ण ४०,००० दिले. मुलाने मान्य केलं, आनंदाने नाही. बोअरच्या फुकट भरलेल्या मोटारींचा विषय त्या वेळी कुणी काढला की नाही, मला ठाऊक नाही.

पशुखाद्याचं दुकान त्याच पावसाळ्यात सुरू झालं.

वेगळं काय करता आलं असतं

गणपतीत तोंडी सांगितलं त्याच दिवशी लेखी नोटीस दिली असती, तर दिवाळीपर्यंत मुदत संपून गेली असती आणि सीझनच्या ऐन वेळी भांडण झालं नसतं. कुलूप तर टाळायलाच हवं होतं. ते काढायला, पंचनाम्याला आणि त्यातून आलेली कटुता मिटवायला डिसेंबर गेला. शिवाय बोलणीत दुकानदाराच्या बाजूने तेवढा एकच मजबूत मुद्दा होता आणि तो आम्हीच त्याला दिला होता.

दुकानदाराने शेड घालताना एक कागद करून घेतला असता, म्हणजे खर्च किती, सोडताना किती परत, तर ४०,००० पेक्षा जास्त मिळाले असते असं मला वाटतं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ऐकीव माहितीवर दोन लाख मागण्याआधी त्याने गाव कायद्याच्या यादीत आहे का एवढं कुणाकडून तपासून घ्यायला हवं होतं. त्या आकड्यानेच मुलगा बिथरला.

दिवसाला ३०० च्या अटीबद्दल माझं मत अजून पक्कं नाही. ती नसती तर दुकानदार जुलैपर्यंत रेंगाळला असता, असं मुलगा म्हणतो. वसूल न करायची अट लिहून काय मिळालं, असं त्याची बहीण म्हणते. वारसनोंदीचं मात्र पहिल्याच भेटीत विचारून घेणं बरं. चार वर्षं मयताच्या नावावर असलेला उतारा समोर दिसत असताना तो प्रश्न मार्चपर्यंत थांबवण्यात अर्थ नसतो.

दुकानदाराने नवा गाळा तालुक्याच्या गावात घेतला, म्हणजे आता भाडे नियंत्रण कायद्याच्या हद्दीत. तिथल्या मालकाने त्याच्याकडून लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे जागा वापरायची नुसती परवानगी देणारा, नोंदणी केलेला अकरा महिन्यांचा करार करून घेतला आहे. लायसन्सवर असलेला माणूस त्या कायद्यात भाडेकरू ठरत नाही, तेव्हा कलम १६ चं संरक्षण त्याला तिथेही नाही. मुदत संपल्यावर सक्षम प्राधिकाऱ्याकडून झटपट बाहेर काढण्याची कलम २४ ची सोय फक्त राहण्याच्या जागांना आहे, धंद्याच्या नाही. मालकाला दावाच लावावा लागेल. तो करार दाखवायला दुकानदार माझ्याकडेच आला होता. मी त्याला त्याच्या वकिलाकडे पाठवलं आणि मुदतवाढीची अट नीट वाचून घ्या एवढं सांगितलं.